बिरागोच्या पश्चात मोठा परिवार

१२ जानेवारी, सोमवार

चर्चने यंदा सगळ्या म्हाताऱ्यांना डायऱ्या वाटल्या. मी घेतली ती खुर्च्यांच्या हिशेबासाठी. पण हिशेब माझ्या नातीच्या, बिरागोच्या फोनात असतो आणि तिथे तो बरोबर असतो, तर इथे मनातलं लिहीन. घरात ऐकायला कोणी नाही असं नाही. ऐकतात, आणि मग गल्लीभर सांगतात. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर वाईट आहे, ते एक बरं.

हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ इतकी की धुतलेल्या खुर्च्या वाळेपर्यंत पुन्हा मळल्या. शनिवारी दोन मयतांना खुर्च्या जायच्यात आणि एक मांडव फाटका आहे.

यिआदोम आला होता कुमासीहून. माझा मुलगा, बिरागोचा मामा, म्हणजे तिच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. टेकायच्या आधीच म्हणाला, "आई, एवढी शिकलेली पोर तीन वर्षं घरी बसलीय."

"बसलीय कुठे?" मी म्हटलं. "ती खुर्च्या भाड्याने देते. बसतात ते दुसरेच."

तो हसला नाही. लहानपणीही हसायचा नाही. त्याला एक एजंट भेटलाय, बायकांना घरकामाला आखातात पाठवतो. ईस्टरपर्यंत नोकरी लागली नाही तर बिरागोचा पासपोर्ट काढायचा, असं तो सांगून गेला. विचारून नाही, सांगून.

बिरागो मामाला म्हणाली, "वोफा, मी हिशेबाची पदवी घेतलीय."

"म्हणून तर म्हणतो. तिथे सीव्ही मागत नाहीत. पासपोर्ट आणि दोन हात, झालं."

हिची आई अशीच दोन वर्षांसाठी म्हणून बैरूतला गेली. नाताळला तिचा आवाज येतो फोनवर, दरवर्षी जरा वेगळा वाटतो. ते असो. बिरागो गेली तर खुर्च्या कोण मोजून घेणार? लोक मयताला शंभर नेतात आणि नव्वद परत आणून रडतात. माझी अडचण ही आहे.

२० जानेवारी, मंगळवार

बिरागो दोन दिवस फोनवर एका टाय लावलेल्या माणसाचं ऐकतेय. तो शिकवतो की सीव्ही एका पानाचा हवा, कारण वाचणारा त्यावर फार तर काही सेकंद नजर टाकतो. टोमॅटो घेताना मी त्याहून जास्त वेळ बघते.

मी म्हटलं, वाच बघू तुझा. तिने वाचला. कष्टाळू. प्रामाणिक. दडपणाखाली काम करण्याची तयारी. चार लोकांत मिळून मिसळून वागणारी.

"हे कोणाबद्दल आहे?"

"माझ्याबद्दल, नाना." आजीला ती नाना म्हणते, गावही म्हणतं.

"तू कधी मिळून मिसळून वागलीस? परवा त्या ताफोच्या लोकांशी चार खुर्च्यांवरून तासभर भांडलीस. मला बरं वाटलं होतं."

"सगळे असंच लिहितात."

"मग त्या साहेबाला कसं कळायचं, त्यातली तू कुठली?"

मी म्हटलं, खुर्च्यांचं लिही. तर म्हणे, नको, ऑफिसातला माणूस मयताच्या खुर्च्या वाचून हात झटकेल. म्हणून तीन वर्षांच्या जागी कोरं ठेवलंय.

खाली दोन माणसांची नावं लागतात, जी हिच्याबद्दल चांगलं बोलतील. एक पाद्री. दुसरा कुमासी रोडवरच्या पतसंस्थेचा मॅनेजर अंपॉन्सेम. पदवीनंतरचं सक्तीचं सरकारी सेवेचं वर्ष हिने त्याच्यासमोरच्या टेबलावर काढलं. आता तो हिचा फोन उचलत नाही. त्याच पतसंस्थेत हिने नोकरीसाठी तीनदा सीव्ही दिला, त्यालाही उत्तर नाही. वर्षभर समोर बसलेल्या मुलीला जो ओळखत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार?

२४ जानेवारी, शनिवार

आज आग्यापोंगचं मयत. खुर्च्या आमच्याच. हा माणूस जन्मभर ताडीच्या दुकानात राहिला, घरी पाहुण्यासारखा यायचा. लाऊडस्पीकरवर त्याचं जीवनचरित्र वाचलं. "मितभाषी, कुटुंबवत्सल, तरुणांचा मार्गदर्शक." त्याची बायको माझ्या शेजारी होती. ती चरित्राचा कागद उलटून फोटो बघायला लागली, आपण चुकून दुसऱ्याच मयताला आलो की काय म्हणून.

लिहिलं होतं आसुबोंतेंग मास्तरांनी. निवृत्तीनंतर ते हेच करतात. आसपासच्या गावांत कोणी गेलं की त्याचं चरित्र मास्तरांकडून येतं. लोक ऐकून रडतात. आज आग्यापोंगचे सावकारसुद्धा रडले.

मी तिथेच ठरवलं. सीव्ही म्हणजे जर स्वतःची स्तुती, तर ती ज्याला येते त्याच्याकडून करून घ्यावी. त्या टायवाल्याने आजवर कोणाला रडवलंय?

२७ जानेवारी, मंगळवार

बिरागो मांडव शिवायला टाकायला गेली, तेवढ्यात मी मास्तरांकडे जाऊन आले. चर्चसमोर टेबल टाकून बसतात. मला बघून उठले, टोपी काढली.

"कोण गेलं, नाना पोकुआ?"

"कोणी नाही. नातीला नोकरी हवीय."

ते पुन्हा बसले. "जिवंत माणसाचं मी अजून लिहिलेलं नाही."

"त्यात काय वेगळं?"

"जिवंत माणूस येऊन दुरुस्त्या सांगतो."

मी म्हटलं, ती सांगणार नाही, तिला कळूच देत नाही. मग त्यांनी वही उघडली. जन्म, शाळा, स्वभाव, चर्च. खुर्च्यांचं त्यांनी न मागता घेतलं, म्हणाले, समाजसेवेत बसतं. शेवटी म्हणाले, "कुटुंबीयांची नावं सांगा. सगळी. मागे एकदा एक मावशी राहिली तर तिने अंत्यविधीत गोंधळ घातला होता."

मी यिआदोमचं घातलं, त्याला राग नको. हिच्या आईचं घातलं. माझं सगळ्यांत वर घातलं, कारण मास्तरांचे पैसे मी देणार. ही भेटेल कधी तेही लिहा म्हटलं, फोन कधी लागतो कधी नाही. शनिवार सकाळपासून घरी. आठवडाभर ती बाहेर हिंडत असते, शनिवारी निदान गाडी भरायला तरी घरी असते.

बाकी छपाईवाला बघेल. बिरागोचा पदवीदानाचा फोटो दिला, काळा झगा आणि टोपीतला. तिचा तेवढा एकच फोटो आहे ज्यात ती डोळे वटारत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कागद आले. छपाईवाला पन्नासच्या खाली छापत नाही, म्हणून पन्नास आले. गुळगुळीत कागद, जांभळी चौकट, वर सोनेरी कबुतरं, मधोमध लंबगोलात बिरागो. त्याच्याकडे तीच एक चौकट आहे म्हणे, पण ती त्याने मन लावून बसवलीय.

थोडं उतरवून ठेवते. "कुमारी अबेना बिरागो हिचा जन्म ईश्वरकृपेने एजिसु येथील एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. बालपणापासूनच शांत व आज्ञाधारक अशी तिची ख्याती. हिशेबात तिचा हात धरणारा विरळा. पतसंस्थेतील सेवेच्या वर्षात तिने आपल्या हसतमुख स्वभावाने सर्वांची मने जिंकली. शोकाकुल कुटुंबांना आसने पुरवण्याच्या कार्यात तिने स्वतःला वाहून घेतले. तिच्या पश्चात आजी नाना पोकुआ (एजिसु), मामा यिआदोम (कुमासी), आई (बैरूत) असा मोठा परिवार आहे. भेटीसाठी: शनिवार सकाळपासून, कुटुंबाच्या राहत्या घरी, चर्चमागे."

मला दोनदा वाचावंसं वाटलं. बिरागोने एकदाच वाचलं आणि जमिनीवर बसली. आधी वाटलं रडतेय. मग वाटलं हसतेय. मग दोन्ही.

"नाना, हे कुठेही पाठवायचं नाही."

"का? कोणाचं नाव राहिलं?"

"कोणाचंही राहिलं नाही, हाच तर घोळ आहे."

तिने गठ्ठा उचलून कपाटावर टाकला. शिकलेल्यांना चांगलं लिहिलेलं सोसत नाही. त्यांना ते सेकंदात वाचता यायला हवं.

मला त्यात काही चूक दिसत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

टायवाल्याच्या सांगण्यावरून बिरागोने स्वतःचा सीव्ही पुन्हा बदलला. आता कष्टाळूच्या जागी "ध्येयवादी" आहे. कुठूनही उत्तर नाही. यिआदोमने पासपोर्टसाठी तिचे फोटो मागवले. तिने काढून दिले, मला न सांगता. मला ते टेबलावर सापडले. त्यात डोळे वटारलेलेही नाहीत, नुसते उघडे आहेत.

आज सकाळी आमचा गाडीवाला कुमासीला जात होता. कपाटावरचा एक कागद लिफाफ्यात घालून त्याच्याकडे दिला आणि सांगितलं, पतसंस्थेत अंपॉन्सेम साहेबांच्या हातात दे. तुझ्या हाताने, आणि नम्रपणे. तो फार नम्र आहे, मयतांना जाऊन जाऊन झालाय. देताना टोपी काढली, म्हणाला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते सगळं लिहिते.

सकाळी मी काळं नेसून तयार होते, कारण दुपारी आमच्याच खुर्च्यांच्या एका मयताला जायचं होतं. बिरागो पहिली खेप घेऊन गाडीबरोबर गेलेली. उरलेल्या खुर्च्या पोरांनी अंगणात धुऊन ओळीने वाळत मांडल्या होत्या. शेजारचे ओपानिन ड्वुमो पेपर वाचायला आमच्याकडे येतात, ते होते. म्हातारा गावच्या कार्यात सगळ्या घरांच्या वतीने बोलतो, म्हणून काळं कापड त्याच्या अंगावर शनिवारी असतंच.

फाटकाशी गाडी थांबली. चार माणसं उतरली, चौघं काळ्यात. पुढे मॅनेजर अंपॉन्सेम, मागे त्यांच्याकडची जाडी कॅशियर तिवा, मागे दोन तरुण, पाण्याचे आणि सरबताच्या बाटल्यांचे क्रेट घेऊन. तिवाने मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. म्हणाली, "आई गं, आमची पोर गेली."

मी तिच्याकडे बघितलं, क्रेटकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं. डोक्यात मास्तरांची जांभळी चौकट आली. तेव्हा मला समजलं ते समजलं.

आता सांगायला हवं होतं. पण दारात आलेल्या माणसाला बसवायच्या आणि पाणी द्यायच्या आधी काही सांगायचं किंवा विचारायचं नसतं. ही माझी रीत नाही, सगळ्यांची आहे. मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. मग ओपानिनना म्हटलं, पाहुण्यांना येण्याचं कारण विचारा.

ओपानिन माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली. त्यांनी विचारलं.

अंपॉन्सेम उठले. चांगलं बोलतात, खोटं नाही. म्हणाले, गुरुवारी कागद हातात पडला आणि ऑफिस सुन्न झालं. अशी मुलगी आम्ही पाहिली नाही. महिनाअखेरचा ताळा इतरांना दोन दिवस लागायचा, ती संध्याकाळी जुळवून जायची. एकदा गोदामाच्या खात्यात चूक होती, तीन साहेबांना दिसली नाही, तिने दाखवली.

"मग ठेवलं का नाही तिला?" मी विचारलं.

"ठेवणारच होतो, नाना. याच महिन्यात ठरलं होतं. नेमणुकीचं पत्र माझ्या टेबलावर तयार आहे. नुसती सही राहिली होती." आणि त्यांनी डोळे पुसले. "देवाच्या मनात वेगळं होतं."

"सही कोणाची राहिली होती?"

"माझीच."

मी म्हटलं, "ओपानिन, म्हातारपणी मला नीट ऐकू येत नाही. साहेब काय म्हणाले ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा." ओपानिननी खणखणीत आवाजात सांगितलं. पत्र तयार आहे. टेबलावर आहे. सही तेवढी राहिली. तोवर आवाज ऐकून शेजारच्या बायका भिंतीशी आल्या होत्या. त्यांनीही ऐकलं. साहेबांनी मान डोलावली. मग पाकीट दिलं, ओपानिननी रकमेची घोषणा केली, रीतीप्रमाणे.

तेवढ्यात आमची गाडी आली. मागे रिकाम्या जागेत बिरागो उभी, डोक्याला फडकं, अंगावर धूळ. उतरताना गाडीवाल्यावर ओरडत होती की मांडवाचे खांब मोजलेस का.

दोन तरुणांपैकी एक खुर्चीसकट मागे पडला. दुसरा फाटकाबाहेर होता, कधी गेला दिसलं नाही. तिवा जमिनीवर बसून येशूचं नाव घेत राहिली. अंपॉन्सेम उभे होते तसेच उभे. माणसाचा रंग जातो म्हणतात तो आज पाहिला.

बिरागोने क्रेट पाहिले, काळे कपडे पाहिले, मला पाहिलं.

"नाना, तू पाठवलास."

"एकच," मी म्हटलं.

मग ती साहेबांसमोर गेली, हात कपड्याला पुसला आणि पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, आणि मग जरा दाबून पाहिला. "बिरागो," ते म्हणाले, "देव मोठा आहे."

"हो साहेब. तुम्ही माझा फोन उचलत नव्हता."

ते म्हणाले, सोमवारी ये. पाकीट परत घेता येत नाही, हे त्यांनाही माहीत. बिरागोने सवयीने पावतीपुस्तक काढलं, पावती फाडली. "कोणाच्या नावाने लिहू?" साहेबांनी पतसंस्थेचं नाव सांगितलं. "आणि कशासाठी?" साहेब क्रेटकडे बघायला लागले. शेवटी तिवा म्हणाली, "लिही ना बाई, तुझ्यासाठी."

दुपारच्या मयताला मी उशिरा पोचले. लोकांना तोवर सगळं माहीत होतं. त्या घरच्या मेलेल्याकडे कोणी बघेना.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बिरागो गेली होती. तिला बाहेर बसवलं. साहेब मीटिंगमध्ये. दुपारी आतून निरोप आला की पत्रावर काम चालू आहे. परवापर्यंत ते तयार होतं.

"तू जिवंत दिसलीस म्हणून असं झालं," मी म्हटलं.

"नाना, यात हसण्यासारखं काय आहे?"

मी हसले नव्हते. माझा चेहराच तसा आहे.

१ मार्च, रविवार

पत्र नाही. फोन पुन्हा उचलत नाहीत. यिआदोम आला, बरोबर एजंट. गोड बोलणारा, पांढरे बूट. म्हणाला, मालकीण चांगली आहे, रविवारी सुट्टी. मी विचारलं, पासपोर्ट कोणाकडे राहतो? म्हणाला, मालकिणीकडे, सुरक्षित. मी विचारलं, मग रविवारी सुट्टीत ती जाणार कुठे? त्याने बुटांकडे बघितलं.

यिआदोम म्हणाला, "आई, तू त्या मॅनेजरच्या शब्दावर बसलीयेस. मेलेल्या माणसाबद्दल लोक काहीही बोलतात."

हे त्याचं खरं आहे. म्हणूनच मला राग आला.

बिरागो म्हणाली, "वोफा, मी जाईन. उगाच भांडू नका." शांतपणे म्हणाली. मास्तरांनी लिहिलं होतं तशी, शांत आणि आज्ञाधारक. तिला तसं बघून मला बरं वाटलं नाही. त्यात माझी चूक काही नाही. घरात कोणी भांडत नसेल तर खुर्च्यांचा धंदा बुडतो.

मी यिआदोमला म्हटलं, आठवडाभर थांब. मयताला ज्यांनी पाकीट दिलं त्यांचे आभार मानायचे राहिलेत.

"कुठलं मयत?"

"तुझ्या भाचीचं."

२ मार्च, सोमवार

मयताला ज्याने हातभार लावला त्याच्या दारी घरचे पांढरं नेसून आभार मानायला जातात. जो जात नाही त्याच्याबद्दल लोक काय बोलतात ते मी जन्मभर ऐकलंय. आम्ही गेलो.

बिरागो येईना. "नाना, मला लाज वाटते."

"तुला कसली? तू तर मेलेलीस."

मग ती आली. पांढरं नेसली. ओपानिन काठी घेऊन, मी, भिंतीवरून ऐकलेल्या शेजारणी. आणि यिआदोमही आला. त्याला वाटलं आई आता खरंच वेडी झाली, सोबत कोणी तरी हवं.

पतसंस्थेच्या दारात पहारेकऱ्याने विचारलं, काय काम? ओपानिन म्हणाले, आभार. त्याने टोपी काढली आणि दार उघडलं. पांढऱ्यातल्या माणसांना कोण अडवणार? आत महिन्याच्या सुरुवातीची गर्दी, पगारवाले, पेन्शनवाले, बाजारातल्या बायका. आम्हाला बघून रांग बाजूला सरली, बसलेले उठले. खिडकीतली तिवा आम्हाला बघून टेबलाखाली वाकली.

ओपानिननी काठी आपटली. "या संस्थेचे लोक आमच्या घरी आले. दुःखात आले, रिकाम्या हाताने आले नाहीत. अबेना बिरागो हिच्यासाठी आले. घराणं आभार मानायला आलंय."

रांगेतली एक बाई डोक्यावरचं टोपलं सांभाळत म्हणाली, "आई गं. कोण होती ही?"

"मी," बिरागो म्हणाली.

कोणी पैसे मोजत होतं ते मोजायचं थांबलं. अंपॉन्सेम केबिनमधून बाहेर आले, म्हणाले, नाना, आत या, आत बसून बोलू. मी म्हटलं, साहेब, आभार बंद खोलीत मानत नाहीत. तुम्ही आमच्या अंगणात सगळ्यांसमोर बोललात, आम्हीही सगळ्यांसमोर बोलतो. पाकिटाचे आभार. सरबताचे आभार. आणि माझ्या नातीचं नेमणुकीचं पत्र टेबलावर तयार आहे, सही तेवढी राहिलीय, असं तुम्ही म्हणालात, त्याचे विशेष आभार.

"मग सही करा ना," टोपलंवाली म्हणाली. "आमची रांग खोळंबलीय."

"जिवंत आहे की ती," मागून एक पेन्शनवाला म्हणाला. "बघा, उभी आहे."

साहेबांनी बिरागोकडे पाहिलं. तिने नजर खाली केली नाही. ती म्हणाली, "साहेब, नोकरी नसेल तर नसू दे. पण अंगणात माझ्याबद्दल जे बोललात, ताळ्याचं आणि गोदामाच्या खात्याचं, ते तेवढं कागदावर लिहून द्या. मला दोन नावं लागतात. पाद्री एकटेच आहेत."

मी तिला असं बोलायला शिकवलं नव्हतं. मी शिकवलं असतं तर एवढं चांगलं झालं नसतं.

साहेब म्हणाले, गुरुवारी. पहारेकरी, तिवा आणि अख्खी रांग ऐकत होती.

परतताना यिआदोम गाडीत एकदा हसला. मी त्याला हसताना पाहिलं, त्याला कळलं नाही.

५ मार्च, गुरुवार

पत्र आलं. खरंच आलं. पक्की नोकरी, हिशेब विभाग, सहीसकट. शाखा: नाव्रोंगो.

बिरागोने दोनदा वाचलं. "नाना, हे पार उत्तरेला आहे."

"कुठे आहे मला माहीत आहे."

"एक अख्खा दिवस बस. त्याच्या पुढे सरहद्द, मग बुर्किना."

"बुर्किनाच्या अलीकडेच आहे ना?"

अंपॉन्सेमने हिला जमेल तितकं लांब टाकलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. यिआदोम म्हणाला, एवढं सगळं करून पोर घरी राहिली नाहीच. मी म्हटलं, तिचा पासपोर्ट तिच्याच पेटीत राहील. तो म्हणाला, अजून काढलेलाच नाही. मी म्हटलं, मग तर प्रश्नच नाही.

तिने विचारलं, "जाऊ ना?"

"मला काय विचारतेस? मला खुर्च्यांची काळजी आहे. तुझी नाही."

१५ मार्च, रविवार

बिरागो पहाटेच्या बसने गेली. वाटेत खायला मक्याची कंकी बांधून दिली, मासा वेगळा. गाडीवाल्याचा भाचा आता खुर्च्या मोजतो. चुकतो.

१९ मार्च, गुरुवार

काही विशेष नाही.

२१ मार्च, शनिवार

एका मयताला सगळ्या खुर्च्या गेल्या. आठ कमी आल्या. भांडले, पण मजा आली नाही.

२४ मार्च, मंगळवार

बिरागोचा फोन आला. तिकडे उकाडा फार आहे, लोक बरे आहेत, मॅनेजर बाई आहे आणि ती फोन उचलते. आज तिच्याकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यात विचारलं होतं, काही बरं-वाईट झालं तर कोणाला कळवायचं.

मी म्हटलं, "यिआदोमचं लिही. मी म्हातारी. टिकेल असं माणूस लिही."

"तुझं लिहिलं."

"खोड ते."

"शाईचं पेन आहे, नाना."

मी म्हटलं, मग हेही लिही, की माझ्या फोनची बॅटरी दुपारपर्यंतच चालते. जे काही असेल ते सकाळी कळवावं.

तिने लिहिलं म्हणे. फॉर्ममध्ये जागा नव्हती, कडेला लिहिलं.

दुपारी ट्रोट्रोची व्हॅन पकडून कुमासीला गेले आणि नवी बॅटरी आणली. जुनी तशीही फुगली होती.